मी उभा होतो म्हणून ती उतरली

मी झेंडा बोलतोय. नाही, उठून उभं राहू नका. मी कुठल्या देशाचा नाही, कुठल्या पक्षाचा नाही आणि देवळावरचाही नाही. वरून अर्धा लाल, खालून अर्धा पिवळा. क्वीन्सलंडच्या आमच्या किनाऱ्यावर जीवरक्षक सकाळी वाळूत दोन झेंडे रोवतात, त्यांतला डावीकडचा मी. आम्हा दोघांच्या मधल्या पाण्यात पोहायचं, बाहेर नाही. एवढाच आमचा अर्थ, पण तो लहान पोरांनाही पाठ असतो.

गेल्या महिन्यापर्यंत मीही तो अर्थ अगदी देववाणीसारखा मानत होतो. आता मला माझीच भीती वाटते. जे घडलं त्यानं मी अजून हादरलेला आहे, म्हणून तर तोंड उघडलंय.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये, शिवणयंत्रावर झाला. शिवणारी बाई रेडिओशी भांडत भांडत दिवसाला आमच्यासारखे कितीतरी शिवायची. तिथून मी थेट बेव्हबाईंच्या हाती आलो. बेव्ह ट्रँटर, वय अडुसष्ट, आमच्या पथकाच्या प्रमुख. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज असा की लाटेपलीकडचा माणूसही वळून बघतो. पगार नाही, मानधन नाही. तरी दर रविवारी उजाडायला हजर.

आल्याबरोबर त्या मला रोवत नसत. आधी दहा मिनिटं नुसतं पाणी बघायचं. जिथे लाटा फुटून पांढरा फेस येतो, तिथे खाली वाळूचा उंचवटा असतो, ती जागा बरी. आणि जिथे लाटच फुटत नाही, पाणी काळसर आणि गुळगुळीत दिसतं, तिथे ओढ असते. आलेलं सगळं पाणी त्याच वाटेनं परत समुद्रात जातं आणि माणसालाही सोबत नेतं. नवख्याला नेमकी तीच जागा सगळ्यात शांत वाटते. नऊ वर्षं मी हे बघतोय आणि दर वेळी मला धक्का बसतो. मोठी शिकली-सवरलेली माणसं बरोबर तिथेच टॉवेल टाकतात.

माझा कोपरा एकदा वादळात फाटला, तेव्हा बेव्हबाईंनी घरून हिरवा दोरा आणून शिवला. "रंग जुळत नाही," कुणीतरी म्हणालं. "जुळायला तो काय लग्नाला चाललाय?" त्या म्हणाल्या.

दर फेब्रुवारीत विद्यापीठ सुरू झालं की बेव्हबाई मला घेऊन तिथे जायच्या. नव्या मुलांना सभागृहात बसवायचं, मला हातात उंच धरायचं आणि सांगायचं, "बाकी सगळं विसरलात तरी चालेल. हा झेंडा दिसला तर पाण्यात उतरायचं. नाही दिसला तर नाही." यंदा पहिल्या रांगेत टॅम्सिन नावाची एक मुलगी होती. आतल्या कोरड्या, गुरांच्या मुलखातून आलेली. गुरांच्या तळ्यात पोहायला शिकलेली, पण समुद्र आठवड्यापूर्वी पहिल्यांदा पाहिलेला. तिनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. वहीत! मला इतकं भरून आलं म्हणून सांगू. मागच्या रांगेत ब्रॉडी नावाचा एक मुलगा चिप्स खात होता. तो इथलाच, किनाऱ्यावर वाढलेला, त्याला हे सगळं माहीतच होतं.

त्याच ब्रॉडीनं मार्चमधल्या एका रविवारी मला ढापलं. पाच वाजले होते, ऊन होतं, पथकाची आवराआवर चालली होती. तो सहज चालत आला, मला उपटलं आणि खांद्यावर टाकून चालू लागला. मला वाटलं, नवीन जीवरक्षक असेल. गाडीत कोंबेपर्यंत मला चोरी कळलीच नाही. भर उन्हात, शेकडो माणसांदेखत!

त्याचं घर म्हणजे चार विद्यार्थ्यांचं भाड्याचं घर. व्हरांड्यात रस्त्यावरून उचलून आणलेला सोफा आणि आत ढापलेल्या वस्तूंची भिंत. कांगारूंपासून सावध करणारी रस्त्यावरची पाटी, कुठल्याशा बागेतली 'कुत्र्यांना मनाई', दुकानातली सामानाची ढकलगाडी. मला त्यांच्या शेजारी उभं केलं.

"काय जबरी आहे रे!" सिओने म्हणाला. हा त्याचा मित्र, टोंगा बेटांवरचा, नर्सिंगचा अभ्यास करणारा आडदांड मुलगा. "पण बेव्हला कळलं तर सालटी काढेल."

"त्यांच्याकडे ढीगभर आहेत, भावा. एकानं काय होतंय?"

त्या घरात काय काय बघितलं, काय सांगू! माझ्यावर टोमॅटो सॉस पुसला गेला. खिडकीला पडदा नव्हता म्हणून मी आठवडाभर पडदा झालो. परीक्षेच्या आदल्या दिवशी, पुस्तक उघडायचं सोडून, चौघांनी मिळून शेगडी घासली, फरशी घासली, सोफ्याखालचे मोजेसुद्धा धुतले. पेपर संपल्यावर ब्रॉडी मला पाठीला बांधून गल्लीभर धावला. खोटं कशाला बोलू, मुलं वाईट नव्हती. शेजारच्या घरात टॅम्सिन राहायला आली, तेव्हा तिची पेटी जिन्यावरून यांनीच वर चढवली. ती आत कधी आली नाही, त्यामुळे मी तिला दिसलो नाही.

एप्रिलच्या सुट्टीतला रविवार. सगळे निघाले किनाऱ्यावर क्रिकेट खेळायला. पथकाच्या जागेपासून दीड-दोन किलोमीटर दूर, कारण तिथे गर्दी नसते. बर्फाची पेटी घेतली, सॉसेज घेतले, बॅट घेतली. स्टंप मात्र विसरले.

"हा घे ना!" ब्रॉडीनं मला उचललं.

ओल्या, घट्ट वाळूत, पाण्याच्या अगदी कडेला मला रोवलं. पाण्याच्या कडेकडेनंच वीस पावलांवर एक वाहून आलेलं लाकूड उभं केलं आणि उकडतंय म्हणून सिओनेनं आपला लाल शर्ट काढून त्यावर टाकला. झाला दुसरा स्टंप. नियम ठरले. एक टप्पा एका हातानं झेल म्हणजे बाद, पाण्यात गेला तर सहा आणि बाद.

"इथेच बरं," ब्रॉडी म्हणाला. "लाटच नाहीये बघ. चेंडू गेला तरी आणायला सोपं."

मी समोर बघितलं. दोन्ही बाजूंना फेस, आणि माझ्यासमोर ते काळसर, गुळगुळीत पाणी. ब्रॉडीलाही ते दिसत होतं. पण त्यांना कुठे पोहायचं होतं? चेंडू आणायला घोट्याभर पाणी पुरे होतं.

तासाभरानं भूक लागली. सगळे वर झाडांच्या सावलीत गेले, शेगडी पेटवली, पावात सॉसेज आणि कांदा भरायला लागले. मला आणि त्या शर्टाला तिथेच ठेवून.

तेवढ्यात टॅम्सिन आली. एकटी, डोक्यावर टोपी, हातात टॉवेल. दुरून चालत येताना तिनं मला बघितलं, आणि तिचा चेहरा खुलला. नीट खात्री करून घ्यावी तशी तिनं दुसऱ्या टोकाकडेही नजर टाकली. तिथे लाल काहीतरी फडफडत होतं. सपाता माझ्या पायाशी काढल्या. टोपी त्यांच्यावर ठेवली. बरोबर आम्हा दोघांच्या मधून, शिकवलं होतं तशी, ती पाण्यात शिरली.

उतरू नकोस! मी ओरडलो असतो हो. झेंड्याला वाऱ्यावर फडफडण्यापलीकडे काय येतं? मी जितका फडफडलो, तितका मी तिला ये ये म्हटल्यासारखाच दिसलो असणार.

आधी ती हसत होती. मग किनारा लांब का गेला, हे तिला कळेना. ती परत फिरून हात मारायला लागली, जोरात, तळ्यात मारतात तसे, आणि जागच्या जागी राहिली. मग मागे जायला लागली. तिनं एकदा हाक मारली. वर सॉसेज चुरचुरत होते, कुणाला ऐकू गेली नाही.

सिओने शर्ट घ्यायला खाली आला म्हणून बरं. त्यानं सपाता बघितल्या.

"ए, या कुणाच्या?"

मग त्यानं पाण्याकडे बघितलं. खूप लांब एक डोकं वर येत होतं, खाली जात होतं.

"ब्रॉडी! अरे ती शेजारची! ओढीत सापडलीये!"

ब्रॉडी हातातला पाव टाकून सुटला. वाटेत बर्फाची पेटी वाळूत उलटी केली, झाकण घट्ट लावलं, ती छातीशी धरून त्याच ओढीत शिरला. ओढीनं त्यालाही झपाट्यानं नेलं. तो तिच्याजवळ पोहोचला तेव्हा ती वर येईनाशी झाली होती. केसांना धरून त्यानं तिला वर काढलं आणि पेटीवर टाकलं. सिओने फोनवर किंचाळत होता. पथकाची रबरी बोट यायला किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही. मी वेळ मोजायच्या स्थितीत नव्हतो.

तिला वाळूवर आणलं तेव्हा ओठ निळे होते. सिओनेनं तिला कुशीवर वळवलं, पाणी बाहेर आलं, आणखी आलं, मग ती खोकली. इतका सुंदर खोकला मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

बेव्हबाई वाळूवरच्या गाडीतून पोहोचल्या होत्या. गुडघे टेकून त्यांनी तिचे केस मागे सारले.

"अगं बाळ, इथे उतरायला कुणी सांगितलं तुला?"

टॅम्सिननं हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुम्हीच. झेंडा होता ना."

बेव्हबाईंनी मान वळवली. मला बघितलं. कोपऱ्यातला हिरवा दोरा बघितला.

"आम्ही नुसतं क्रिकेट..." ब्रॉडी म्हणाला. तो ओलाचिंब उभा होता.

बेव्हबाई उठल्या. माझ्याजवळ आल्या, मला वाळूतून उपटलं आणि आडवं टाकलं. माझ्या कुणीतरी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात ब्रॉडीचा फोटो! 'शूर विद्यार्थ्यानं वाचवले प्राण.' मला वाटलं, आता हा मिरवणार. तर तो संध्याकाळी पथकाच्या क्लबात आला, ते वर्तमानपत्र बेव्हबाईंसमोर ठेवलं आणि म्हणाला, "मी त्यांना फोन करून खरं सांगितलंय. उद्या छापतील. तिला पाण्यात मीच घातलं होतं."

"बस खाली," बेव्हबाई म्हणाल्या. माफ केलं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. चहा मात्र दिला.

मला धुतलं आणि पुन्हा कामावर घेतलं. मी उभा राहायचो, पण माझ्या काठीत जीव नव्हता. कुणी माझ्याकडे बघून पाण्यात धावलं की मी आधी समोर फेस आहे ना ते बघायचो.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी टॅम्सिन आली. बेव्हबाई माझ्या मागे जीवरक्षकाच्या उंच खुर्चीत बसल्या होत्या. सोबत सिओने होता. ती माझ्यावर नजर ठेवून दहा पावलांवर थांबली. मग बेव्हबाईंना विचारलं, "हा खरा आहे ना?"

नऊ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लहान पोरांनीसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला वाटलं, बेव्हबाई माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "त्याला काय बघतेस? काठीवरचं फडकं आहे ते. चूक माझी, मी तुम्हाला फडकं दाखवून आले. मी दिसतेय का, ते बघायचं. इथे कुणी पाण्याकडे डोळे लावून बसलेलं असेल, तर उतर. नसेल, तर तो कितीही फडफडू दे, घरी जा."

फडकं! आधी झोंबलं. मग पटलं.

"तुम्ही मधेच उठून जाणार नाही?" टॅम्सिननं विचारलं.

"अडुसष्ट वर्षांची आहे मी. एकदा बसले की उठायला दोन माणसं लागतात."

टॅम्सिन हसली नाही. सिओनेचा हात सोडून गुडघाभर पाण्यात गेली. प्रत्येक पावलाला मागे वळून बघत होती. माझ्याकडे नव्हे, खुर्चीकडे. बेव्हबाईंनी तेवढा वेळ डोळ्याची पापणी लवू दिली नाही.

आता आमच्याकडे थंडी, हंगाम संपलाय, मी गुंडाळून कोठीत पडलोय. सप्टेंबरात पुन्हा वाळूत उभा राहीन. तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तर हात जोडून एक सांगतो. मी दिसलो म्हणून खूश होऊ नका. आधी माझ्या मागे बघा, खुर्चीत कुणी बसलंय का. खुर्ची रिकामी असली, तर माझं अजिबात ऐकू नका.