सत्तरीचा आकडा

"ओळखा पाहू माझं वय किती?" हा माझ्या भावाचा लाडका प्रश्न. समोरचा म्हणायचा, साठ. मग झाप्र्यान छाती फुगवून सांगायचा, "सत्तर पूर्ण!" आणि पैज जिंकल्यासारखा त्याच्याकडून राकिया दारूचा पेला उकळायचा. मी, दाफिना, त्याची थोरली बहीण, कोपऱ्यात बसून दातओठ खायची.

कारण तो सत्तरचा नव्हताच. आईची दोन मुलं तान्हेपणीच गेली, म्हणून पुढच्याचं नाव तिने झाप्र्यान ठेवलं. म्हणजे 'आता थांब'. हे मरणाला सांगणं. मरणाने ऐकलं नाही, पहिल्याच हिवाळ्यात तोही गेला. एवढ्या बर्फातून मेल्याची नोंद करायला डोंगर उतरून खाली कोण जाणार? तीन वर्षांनी हा झाला. वडील म्हणाले, नाव आहे, दाखला आहे, तेच वापरा. म्हणून शाळेत हा सगळ्यांत बुटका, आणि सैन्यात गेला तेव्हा धड मिसरूडही फुटलं नव्हतं.

यंदा सेंट जॉर्जच्या सणाला तो सत्तरी ओलांडलेल्यांच्या बाकावर बसला. पहिल्यांदाच. हात धरून होरो नाचताना सगळ्यांत पुढे रुमाल फिरवायचा मानही त्यालाच. आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

मग रक्ताच्या तपासणीचा निकाल घ्यायला मी त्याच्यासोबत दवाखान्यात गेले.

डॉक्टर काल्चेवा म्हणाल्या, "प्रोस्टेटचा आकडा पाच पूर्णांक आठ आलाय. वय वाढतं तसा तोही वाढत जातो. सत्तरीनंतर साडेसहापर्यंत मी घाबरत नाही. सत्तरीच्या आत असतात, तर साडेचारच्या वर गेल्या गेल्या पुढच्या तपासण्यांना पाठवलं असतं. काही त्रास होतोय का?"

"छे! घोड्यासारखा धडधाकट आहे मी."

बाहेर आल्यावर त्याने मला कोपराने ढोसलं. "बघितलंस ताई? म्हातारपणाचा फायदा!"

ते म्हातारपण त्याचं नव्हतंच. तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि उठताना त्याने कंबरेवर हात दाबला. आमच्या वडिलांनी त्यांचा शेवटचा हिवाळा असाच कंबर धरून काढला होता. ते कशाने गेले, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

"कधीपासून दुखतंय?"

"लाकडं फोडली ना परवा."

"खोटारड्या, लाकडं तर मी फोडलेलीच विकत आणली. चल आत. खरं वय सांग."

"आणि बाकावरून उठू? सगळा गाव फिदीफिदी हसेल." मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, तो झाप्र्यान मी नसेन, तर मी कोण? माझा तर दाखलासुद्धा नाही गं."

मला त्याची इतकी दया आली की त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. त्याला बाकड्यावर बसवून मी एकटीच परत आत गेले.

"काय आजी, काही राहिलं का?"

"बाई, तुम्ही ज्याचं वय धरलंत, तो माझा भाऊ पाळण्यातच गेला. बाहेर बसलाय तो सदुसष्टचा आहे. त्याची कंबर दुखते, तो सांगणार नाही. आमचे वडीलही कंबर धरूनच गेले."

डॉक्टर आधी हसल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. तोच कागद पुन्हा उचलून त्यांनी तोच आकडा वाचला, आणि या वेळी त्यांना बराच वेळ लागला.

"त्यांना आत बोलवा," त्या हळू म्हणाल्या.

दार उघडंच होतं. बाहेर तो नर्सची थट्टा करत होता.

"ओळख पाहू माझं वय किती?"

"असेल... सदुसष्ट?"

आजवर कोणाला बरोबर सांगता आलं नव्हतं.

"चुकलीस पोरी!" तो खदखदून हसला. "सत्तर पूर्ण!"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली.