अकरा वाजताची खाट

शाळेच्या आजारी खोलीत मी एकोणीस वर्षं नर्स आहे. आईबापांच्या थापा मला पोरांच्या तोंडाच्या वासावरून कळतात. सकाळी सातला तापाचं गोड औषध पाजायचं, पोराला दप्तरासकट फाटकाशी सोडायचं आणि धूम ठोकायची. अकराच्या सुमाराला औषध उतरतं, ताप चढतो आणि पोर भेलकांडत माझ्या दारात येतं. त्यांना मी ‘अकराची पोरं’ म्हणते. दारावर ठळक अक्षरांत लावलंय: औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल, तरच मूल शाळेत पाठवा. सगळे वाचतात, माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात.

दोन वर्षांपूर्वी एकदा दहाच्या सुमाराला तिसरीतली एक मुलगी आली होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. डोकं दुखतंय म्हणाली. खिडकीजवळच्या खाटेवर बसवून थर्मामीटर लावला, ताप नव्हता.

“औषध घेतलंस का गं?”

तिने आधी दाराकडे बघितलं, मग “नाही” म्हणाली. बाहेर नऊ पोरं रांगेत उभी होती. मी वहीत ‘ताप नाही’ लिहिलं आणि तिला वर्गात पाठवलं. त्याच संध्याकाळी ती मेंदूज्वराने गेली. आईने सकाळी औषध पाजलं होतं आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं.

तेव्हापासून खिडकीजवळची खाट रोज अकरा वाजता तापते. तिथे ऊन येत नाही. उशीखाली थर्मामीटर ठेवून बघितला, तर एकशे तीन. गादी बदलली, खाट भिंतीकडे सरकवली, पण काही उपयोग झाला नाही. पाऊण तासाने ती आपोआप गार पडते. कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. त्या खाटेवर मी कुणाला झोपवत नाही. अकराला उशीवर हात ठेवून बसते, इतकंच.

गेल्या सोमवारी पालकसभा होती. विषय होता आजारी मूल आणि शाळा, आणि बोलणार होते मी. नेमकी त्याच सकाळी माझी पहिलीतली नात कण्हत उठली. अंग चांगलंच गरम होतं. लेक पहाटेच कामावर गेलेली, शेजारच्या दाराला कुलूप, आणि तिकडे मोठ्या बाईंनी दोनशे पालक बोलावलेले. मी कपाट उघडलं, चमचाभर औषध पाजलं आणि तिचे ओठ पुसले.

“कुणाला सांगायचं नाही हं, राणी.”

चमचा धुऊन ठेवला. घड्याळाकडे बघितलं आणि तिला जवळजवळ ओढतच निघाले.

सभेत मी सगळ्यांना फैलावर घेतलं. “तुम्ही तुमची सोय बघता, पोराचा जीव नाही!” पहिल्या रांगेतल्या एका बापाने मान खाली घातली. टाळ्या पडल्या. लाज कशी वाटली नाही मला, कोण जाणे.

अकराला पाच कमी असताना सवयीने खोलीत आले आणि उशीवर हात ठेवला. अकरा वाजले. अकरा दहा झाले. उशी गारच होती. दोन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी पुन्हा पुन्हा उशी चाचपत राहिले.

तेवढ्यात पहिलीच्या बाई दारात आल्या. “सिस्टर, तुमची नात एकटीच बोलत बसलीय हो. शेजारची जागा अडवून ठेवलीय, कुणाला बसू देत नाही.”

मी धावले. नात शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसली होती. अर्धा बाक मोकळा होता.

“आजी, चिमणीताई आलीय.”

हे नाव आमच्या घरात कधीच कुणी उच्चारलेलं नाही.

“ती म्हणते, विचारलं तर नाहीच म्हणायचं. मग आपण दोघी जाऊ.”

मी मोकळ्या जागेवर हात ठेवला. ती तापली होती. नातीचं अंग तर भाजत होतं.

“आजी, मान वळत नाही गं.”

“सिस्टर, सकाळी हिला काही औषध दिलं होतं का?” बाईंनी विचारलं.

सभा सुटली होती. व्हरांड्यात पालक थांबून बघत होते, त्यांच्यात मोठ्या बाईही होत्या. मी दाराकडे बघितलं. ‘नाही’ अगदी जिभेवर आलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “सात वाजता मीच पाजलं. सांगू नकोस म्हणून बजावलंही मीच.”

माझ्या हाताखालचा बाक एकदम गार पडला.

वेळेत आणलंत, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. पोर वाचली. लेक चार दिवस माझ्याशी बोललेली नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

काल नात उशीला टेकून बसली. “आजी, चिमणीताई तुझ्यावर रागावलेली नाहीये. तिला फक्त एक विचारायचं होतं.”

“काय गं?”

“तू तिला पुन्हा एकदा का नाही विचारलंस?”