एकशे बाराव्या पानावरची चूक

मी एक जुना प्रबंध आहे, मित्रांनो. म्हणजे मोठ्या पदवीसाठी लिहिलेलं जाडजूड पुस्तक. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं आणि पोटात तीनशे चाळीस पानं.

मला अंबडच्या महजबीननं लिहिलं. या अभ्यासाला निघेपर्यंत तिनं समुद्र पाहिलाही नव्हता. तरी अरबी समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर ती अकरा महिने राहिली. तिथं जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून तिथली माणसं बादली मोजून पाणी घेतात. बीफातू नावाच्या आजींनी महजबीनला घरात ठेवून घेतलं, आपली भाषा शिकवली. त्यांनी सांगितलेलं सगळं माझ्यात उतरलं.

परीक्षकांनी माझी तारीफ केली. महजबीन डॉक्टर झाली आणि मी कपाटात गेलो. सहा वर्षं मला कुणी उघडलं नाही. आपल्यातलं कुणाला कळणारच नसेल, तर आपण लिहिले तरी कशाला गेलो, असं मला वाटे.

गेल्या हिवाळ्यात तीर्थपुरीच्या वाचनालयानं महजबीनला माझ्याविषयी बोलायला बोलावलं. निघताना तिचे अब्बा बदरोद्दीन म्हणाले, "परीक्षेसारखं नको बोलू बेटा. बाजारात बोलतो तसं बोल, बराबर समजतंय लोकांना."

ती तशीच बोलली. चाळीसेक माणसं कान देऊन ऐकत होती. तिनं माझं एकशे बारावं पान उघडून सांगितलं, "अमावास्या-पौर्णिमेला तिथं दोन दिवस विहीर झाकून ठेवतात. ही त्यांची जुनी समजूत आहे."

मागच्या रांगेतले सर्जेराव उठले. ते विहिरी खोदायचं काम करत.

"ताई, समजूत म्हणता, पण उगं कोणी तहानलेलं राहतं का? कायतरी कारण असंल."

महजबीन म्हणाली, "मला न्हाई माहीत, काका. विचारून सांगते."

परीक्षकांनीही हा प्रश्न विचारला नव्हता. माझी पानं शरमली. पण खरं सांगू, मला उत्सुकताही लागली.

घरी येताच तिनं बेटावर फोन लावला. आजी खळखळून हसल्या.

"अगं, त्या दिवसांत समुद्राला उधाण येतं. विहिरीत खारेपणा चढतो. दोन दिवस हात लावला नाही की पाणी पुन्हा गोड होतं."

"मग आजी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, विहीर कधी झाकता. का झाकता, ते विचारलंसच नाही."

महजबीननं लाल पेनानं 'समजूत' हा शब्द खोडला आणि शेजारी आजींचं उत्तर त्यांच्या नावासकट लिहिलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तीर्थपुरीला गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं चुकलं होतं."

सर्जेराव म्हणाले, "मंग त्या आजीला बी वाचून दाखवा की हे पुस्तक. तिचंच हाय ते."

आता दर शुक्रवारी महजबीन फोनवरून आजींना मला वाचून दाखवते. माझी पानं लाल शाईनं भरत चालली आहेत. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं पुस्तक असेल, तर त्याला कपाटात कोरं जपू नका. ज्यांच्याबद्दल ते लिहिलंय, त्यांच्यापुढे ते उघडा. आम्ही खोडले गेलो तरी चालेल, पण आम्हाला खरं होऊ द्या.