किरकोळ विषयांचं गाठोडं

ब्रिन शॅट्झला शाळा मंडळावर नऊ जणांनी निवडून दिलं. त्यातले सात तिच्याबरोबर धान्याच्या कोठारावर काम करणारे, आणि सातही जणांनी ते गंमत म्हणून केलं होतं. त्या जागेसाठी टोल्विक गावातून एकाही माणसाने अर्ज भरला नव्हता. मतपत्रिकेवर नुसती रिकामी रेघ होती, ज्याला जे नाव सुचेल ते त्याने लिहायचं. दुसऱ्या नंबरवर सहा मतं घेऊन पेट्रोल पंपावरचा कुत्रा आला. कुत्र्याला आपण तीन मतांनी पाडलं, हे ब्रिन स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायची. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, एवढी अक्कल तिला होती.

वय अठरा. सोळाव्या वर्षी तिने ह्याच शाळेला रामराम ठोकला होता. भांडण कशावरून, तर डोक्यावरच्या टोपीवरून. तेव्हाचे मुख्याध्यापक केटरलिंग म्हणाले, "टोपी काढ, नाहीतर बाहेर जा." ती म्हणाली, "मग चाललेच मी." आणि गेली. जाऊन पार्किंगमध्ये वीस मिनिटं उभी राहिली, कुणीतरी समजूत घालायला येईल म्हणून. कुणीच आलं नाही. थंडी एवढी, की टोपी असूनही कान गोठले. पण आता परत आत जायचं कसं? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, म्हणून तिचं शिक्षण संपलं.

केटरलिंग आता अख्ख्या जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी झाले होते. निकाल लागला तेव्हा त्यांनीच फोन केला. आवाजात नुसतं लोणी. "ब्रिन, तुझ्यावर बळजबरी नाही हं. नको असेल तर नाही म्हणता येतं. लोक समजून घेतील."

खरं तर ती नाहीच म्हणणार होती. पण 'लोक समजून घेतील' ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. "शपथ कधी घ्यायची ते सांगा," म्हणाली आणि फोन आपटला. मग तासभर स्वतःलाच शिव्या दिल्या.

घरी फक्त एकाच माणसाला ह्याचा आनंद झाला. धाकटी बहीण लॉटी, वय अकरा, सहावीत. लॉटीला शाळा आवडायची. घरात हे कुणाकडून आलं ते कळायला मार्ग नव्हता. धरणाच्या रस्त्यावरून येणाऱ्या सहा नंबरच्या बसमध्ये ती पहाटे साडेसहाला चढायची, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी घेऊन. बसमध्ये एकूण मुलं सात. सातांसाठी एवढी मोठी बस कशाला फिरवायची, अशी कुजबुज वसंतापासून चालू होती. बस बंद झाली तर मुलांना नऊ मैलांवरच्या हायवेच्या नाक्यावर ज्याने त्याने आणून सोडायचं. शॅट्झांच्या घरी सोडणार कोण? आई सव्वापाचलाच घरातली एकुलती एक गाडी घेऊन वृद्धाश्रमात कामावर जायची. ब्रिनला कोठाराचा मालक त्याचा जुना ट्रक देई, पण सहाला हजर व्हायचं, तेही उलट्या दिशेला. लॉटीने मग घरी संगणकासमोर बसून शिकायचं. आणि क्लॅरिनेट वाजवायचं ते गाईंपुढे.

"तू मंडळावर आहेस, म्हणजे आमची बस राहणार ना?" लॉटीने विचारलं होतं.

"माझ्या डोळ्यांदेखत बसला हात लावून दाखवू दे कुणी," ब्रिन म्हणाली होती. फार मोठं वाक्य होतं. बोलताना छान वाटलं.

सप्टेंबरच्या सभेसाठी तिने भाषणसुद्धा तयार केलं. ट्रक चालवताना रोज म्हणायची, मधूनमधून स्टिअरिंगवर मूठ आपटत. सभेच्या आठ दिवस आधी कागदांचं पुडकं आलं, चौऱ्याऐंशी पानांचं. तिने पहिलं पान वाचलं, म्हणजे वरून खाली नजर टाकून 'बस' हा शब्द शोधला. सापडला नाही. चला, ह्या महिन्यात नाही म्हणजे! उरलेली त्र्याऐंशी पानं तिने ट्रकच्या काचेत ऊन अडवायला लावून ठेवली. त्या कामाला ती उत्तम होती.

काढणीच्या दिवसांत सभा सकाळी सातला, शाळेच्या वाचनालयात. पाच जणांचं मंडळ, पण त्या दिवशी वेळेवर चारच आले. अध्यक्ष ऑर्व्हिल नेस, सूर्यफूल लावणारे, तीस वर्षं त्याच खुर्चीत. बियाणं विकणारा ड्वेन फाईस्ट, जो बोलायचाच नाही. दातांच्या डॉक्टर गेल ब्रँट, ज्यांना आठला दवाखाना उघडायचा होता. आणि ब्रिन. पाचव्या मिसेस हॉगेन, गावाच्या पियानो शिकवणाऱ्या बाई, अजून पोचल्या नव्हत्या. टेबलाच्या टोकाला केटरलिंग बसले होते. त्यांना मत नव्हतं, पण सगळे कागद त्यांचे. त्यांच्या शेजारी इरीन, सभेचा वृत्तांत लिहिणारी.

मागच्या सभेत ब्रिनने तोंड उघडलं होतं ते फक्त जांभई द्यायला. ह्या वेळी काहीतरी बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं.

ऑर्व्हिलनी हातोडी आपटली. "विषय चार. किरकोळ विषयांचं गाठोडं. सगळ्यांनी वाचलंच असेल. सूचक कोण?"

हे गाठोडं म्हणजे मंडळाची जुनी सोय. ज्यावर वाद नाही असे पंधरा-वीस विषय एकत्र बांधायचे आणि चर्चा न करता एका दमात मंजूर करायचे. मागच्या सभेचा वृत्तांत, व्यायामशाळेच्या किल्ल्या, दुधाचा ठेका, असलं काय काय. कुणाला एखाद्यावर बोलायचं असेल तर मतदानाच्या आधी तो विषय गाठोड्यातून ओढून काढायचा. नाही काढला तर गेला.

ब्रिनचा हात एवढ्या झटक्यात वर गेला की पाण्याचा पेला कलंडला. "मी! मी सूचक!"

"शाब्बास, पोरी," ऑर्व्हिल म्हणाले. गेलबाईंनी घड्याळाकडे बघत अनुमोदन दिलं. चार हात वर. चार विरुद्ध शून्य. हातोडी. अख्ख्या कारभाराला अकरा सेकंद लागले. ब्रिनने बाहीने पाणी पुसलं आणि ती सरळ बसली. तिच्या आयुष्यात तिने मांडलेलं काहीतरी पहिल्यांदाच एकमताने पास झालं होतं.

शाळेच्या जेवणाच्या दरांवर केटरलिंग अर्धा तास बोलले. खिडकीबाहेर सहा नंबरची बस येऊन थांबली. सात मुलं उतरली. त्यातलं एक, पेटी हातात घेऊन, सरळ वाचनालयात शिरलं आणि लोकांसाठी मांडलेल्या चाळीस खुर्च्यांपैकी एकीवर बसलं. त्या सभेला आलेली जनता म्हणजे एकटी लॉटी. तिने ब्रिनकडे बघून अंगठा वर केला. ब्रिननेही रुबाबात मान हलवली.

तेवढ्यात मिसेस हॉगेन धापा टाकत आल्या. "माफ करा, माफ करा. पुढे कापणीचं यंत्र होतं. अकरा मैल त्याच्या मागे! हात करतेय, हॉर्न वाजवतेय, बाबा हलेल तर शपथ." ब्रिनच्या शेजारी बसत त्या कानाशी म्हणाल्या, "विषय चारमधून बस ओढून काढलीस ना गं?"

"कुठली बस?"

"परिशिष्ट क. 'वाहतूक-फेऱ्यांची पुनर्रचना.' पान एकसष्ट. तुझ्या बहिणीची बस बंद होतेय त्यात. मी तेवढ्यासाठीच तर आले."

ब्रिनने पुडकं उघडलं. उन्हाने पिवळी पडलेली पानं एकमेकांना चिकटली होती. पान एकसष्ट. आठहून कमी मुलं असलेल्या फेऱ्या एक ऑक्टोबरपासून हायवेच्या नाक्यावरच्या थांब्याला जोडण्यात येतील. पुढे तक्ता. तक्त्यात एकच ओळ. फेरी सहा.

सूचक, ब्रिन शॅट्झ.

 चूक स्वतःची निघाली की तिच्या तोंडातून आग बाहेर यायची, ही सवय जुनीच. ती ताडकन उठली. "ही चोरी आहे!"

केटरलिंग थांबले. "काय म्हणालीस?"

"बस बंद करायची तर बस म्हणा ना! वाहतूक-फेऱ्यांची पुनर्रचना कसली डोंबलाची? मुद्दाम लपवलंत!"

"आठ दिवस आधी सगळ्यांना पाठवलं होतं," केटरलिंग शांतपणे म्हणाले. "पान एकसष्ट. वाचलं असशीलच."

"ते... म्हणजे... भाषाच अशी वापरलीय की कुणाला..."

"ब्रिन, खाली बस," ऑर्व्हिल म्हणाले. "ठराव झालाय. चार-शून्य. तूच मांडलास."

चाळीस खुर्च्यांमधल्या त्या एका खुर्चीत लॉटी हलेनाशी झाली. तिला सगळं कळलं नव्हतं, पण 'तूच मांडलास' एवढं कळलं होतं. क्लॅरिनेटची पेटी तिने छातीशी धरली.

मिसेस हॉगेननी हात वर केला. "फेरविचार करा, ऑर्व्हिल."

"मार्लिस, तुला नाही मांडता येत. तू मतदानाला नव्हतीस." तीस वर्षांत त्यांनी नियमांचं ते पुस्तक पाठ केलं होतं, बाकी काही केलं असो वा नसो. "ज्याने ठरावाच्या बाजूने मत दिलं, त्यालाच फेरविचार मागता येतो. तोही आजच, सभा संपायच्या आत."

"मला ठाऊक आहे," मिसेस हॉगेन म्हणाल्या आणि त्यांनी सावकाश मान वळवून ब्रिनकडे पाहिलं. लहानपणी पियानो शिकवताना ब्रिनचा चुकीचा सूर लागला की अश्शाच बघायच्या.

बाजूने मत दिलेले चार जण. ऑर्व्हिल, ज्यांना बस बंदच हवी होती. गेलबाई, ज्यांना आठ वाजायला हवे होते. ड्वेन, जो बोलायचाच नाही. आणि एक महामूर्ख.

"मी मागते," महामूर्ख म्हणाली. "फेरविचार."

"माझं अनुमोदन," मिसेस हॉगेन. "दुजोरा कुणालाही देता येतो, ऑर्व्हिल, पुस्तक उघडू नकोस."

"कारण?" केटरलिंगनी विचारलं. "तासाभरात मत का बदललं, हे मंडळाला कळायला नको का?"

कारण सांगायचं कसं? ट्रकमध्ये घोकलेलं अख्खं भाषण तोंडात तयार होतं. धरणाच्या रस्त्याची मुलं, त्यांचे हक्क, हिवाळा, वादळं. शिवाय 'तुम्ही फसवलंत' हे होतंच, ते ओरडून म्हणता आलं असतं आणि तडक दार आपटून निघूनही जाता आलं असतं. पार्किंग कुठे आहे ते तिला नीट माहीत होतं. पण ह्या वेळी मागे लॉटी बसली होती, आणि दुपारी घरी परतायला तिला तीच बस होती.

"मी वाचलं नव्हतं," ब्रिन म्हणाली.

"जरा मोठ्याने," इरीन म्हणाली. "मला लिहायचंय."

"मी वाचलं नव्हतं! पहिलं पान सोडून एकही नाही. बाकीची ट्रकच्या काचेत लावली होती, ऊन लागतं म्हणून. हात का वर केला, तर सूचक म्हणून माझं नाव लागेल, बरं दिसेल. बस जातेय हे मला माहीतच नव्हतं. माहीत असतं तर मी टेबलावर उभी राहिले असते. झालं कारण?"

 केटरलिंगनी चष्मा काढला. तेवढ्यात टेबलाच्या त्या बाजूने एक घोगरा आवाज आला, जो बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला.

"मीही नाही वाचलं," ड्वेन म्हणाला.

"काय?" ऑर्व्हिल.

"सहा वर्षं झाली. एकदाही नाही. तुम्ही मान हलवता, मी हलवतो."

गेलबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "दुधाच्या ठेक्यापर्यंत वाचलं होतं मी. पेशंट असतात हो."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. ऑर्व्हिलचे कान लाल झाले. "माझ्याकडे काय बघताय? मी वाचतो. गाठोडं सोडून सगळं वाचतो. गाठोड्यात वाचण्यासारखं काही नसतं, म्हणूनच तर ते गाठोडं!"

"म्हणजे तुम्ही चार जणांनी," मिसेस हॉगेन म्हणाल्या, "न वाचता, एकमताने."

मतं पडली. फेरविचार हवा, चार विरुद्ध एक. बस गाठोड्यातून बाहेर काढली. मग बसवर वेगळं मतदान. ब्रिन, मिसेस हॉगेन आणि ड्वेन ती चालू ठेवण्याच्या बाजूने, ऑर्व्हिल आणि गेलबाई विरोधात. तीन-दोन. सहा नंबरची फेरी वर्षभरासाठी राहिली. भाषण करायची वेळच आली नाही. ते अगदी बंडल होतं, त्यामुळे बरंच झालं.

घंटा झाली. लॉटी उठली. दाराशी थांबून तिने बहिणीकडे पाहिलं. अंगठाबिंगठा काही नाही. नुसतं "येते" म्हणाली आणि पळाली.

इरीनने पेन वर धरलं. "फेरविचाराचं कारण काय लिहू? गुरुवारी पेपरात छापून येतं सगळं. 'अधिक माहितीअभावी' असं लिहिता येईल."

ब्रिनला ते फार आवडलं. किती सुंदर शब्द! कोठारावरच्या सातही जणांनी ते वाचलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं.

"नको," ती म्हणाली. "'वाचलं नव्हतं' लिही."

"आमचंही?" गेलबाईंनी घाईघाईने विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा."

ऑर्व्हिलनी हातोडी हलकेच टेकवली. "पुढचा विषय. भांडी धुण्याचं यंत्र, पान बावीस. सूचक कोण?"

कुणीच हात वर केला नाही. ब्रिनने पिवळी पानं सोडवली. "थांबा," ती म्हणाली, "वाचू द्या."

"आत्ता?"

"मग कधी?"

ऑर्व्हिलनी खिसे चाचपले, चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला. ड्वेनने पुडकं उघडलं. त्याचं अजून पाकिटातच होतं, ते फाडायचा मोठा आवाज झाला. गेलबाईंनी दवाखान्यात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. मग पाचही जण खाली मान घालून बसले. ऑर्व्हिल ओठ हलवत वाचत होते आणि प्रत्येक ओळीखाली त्यांचं जाडजूड बोट सरकत होतं. केटरलिंग घड्याळाकडे बघत राहिले. बावीस ते एकतीस, दहा पानं होती.

"ह्या यंत्राला," चौथ्या पानावर ब्रिन म्हणाली, "नळ कुठे जोडायचा ते कुणी लिहिलंय का?"

"वाच अजून," मिसेस हॉगेन मान वर न करता म्हणाल्या. "मी सहाव्या पानावर आहे. अजून तरी नाही."