हातातून घेतलेला खडू

वाचकहो, एका अनुभवी शिक्षिकेच्या हातून भर वर्गात घडलेली चूक, आणि ती निस्तरताना तिला वाटलेली लाज, यांचा वृत्तांत मी येथे यथाशक्ती निवेदन करीत आहे. आपण तो शांत चित्ताने वाचावा.

त्या शाळेत मोठ्या बाईंचा दरारा असा होता, की व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज झाला तरी वात्रटातली वात्रट पोरे पुस्तकात तोंड खुपसत. मुलांनी त्यांना 'तोफ' हे नाव ठेवले होते. ते त्यांना ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर मनातून आवडतही होते.

सत्राच्या आरंभी गणित शिकवण्यास एक नव्या बाई रुजू झाल्या. वयाने कोवळ्या, आवाजाने त्याहून कोवळ्या. मुख्याध्यापक मोठ्या बाईंना म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण नवखी आहे. जरा हाताशी धरा."

त्या शाळेची रीत अशी, की जुन्या शिक्षकाने नव्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसावे, तास संपेपर्यंत तोंड उघडू नये, आणि जे सांगणे असेल ते मागाहून शिक्षकांच्या खोलीत सांगावे.

ही रीत मोठ्या बाईंनी मोडली.

त्या दिवशी अपूर्णांकांची बेरीज चालली होती. नव्या बाई फळ्यापाशी अडखळल्या. मुलांत कुजबुज सुरू झाली आणि बघता बघता तिचा बाजार झाला. मागे बसलेल्या मोठ्या बाईंच्या जिवाची घालमेल झाली. त्या उठल्या, तरातरा पुढे गेल्या आणि त्यांनी नव्या बाईंच्या हातातून खडू काढून घेतला.

"सरका जरा. असं शिकवतात होय?"

वर्ग चिडीचूप झाला. गणित चुटकीसरशी सुटले. नव्या बाई बोटांवरची पांढरी भुकटी पुसत खिडकीपाशी उभ्या राहिल्या, त्या तास संपेपर्यंत. आपण केवढा उपकार केला, या समाधानात मोठ्या बाई घरी गेल्या आणि दोन घास जास्तच जेवल्या.

पुढे काही दिवसांनी त्या वर्गावरून जात असता आतला गोंधळ त्यांच्या कानी आला. नव्या बाई जीव तोडून काही समजावत होत्या आणि एक पोरगा हसत ओरडला, "बाई, तुम्ही राहू द्या! तोफेला बोलवा, त्यांना येतं!"

सारा वर्ग खिदळला. दाराबाहेर मोठ्या बाईंचे कान तापले. आजवर गोड वाटलेले ते नाव आज कानफटात बसल्यासारखे लागले.

मधल्या सुट्टीत नव्या बाई आपला खण रिकामा करताना दिसल्या.

"हे काय गं?"

"सोडतेय, बाई. उद्या सरांना सांगणार आहे."

"अगं, एवढ्या-तेवढ्यावरून?" असे मोठ्या बाई बोलून गेल्या, आणि आपल्याच शब्दांची त्यांना शरम वाटली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं. हे बघ, कान धरते."

"इथं धरून काय उपयोग, बाई? इथं आपण दोघीच आहोत. खडू तुम्ही सगळ्यांदेखत घेतलात."

बोलणे झोंबले, परंतु त्यात खोट काढण्यास जागा नव्हती.

"उद्याचा तास होईपर्यंत तरी थांब," एवढेच मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी मुलांसारखा हात वर केला. नव्या बाईंनी मान हलवताच त्या उभ्या राहिल्या. रात्रभर जुळवलेली भारदस्त वाक्ये ऐन वेळी दगा देऊन गेली.

"मुलांनो, त्या दिवशी मी बाईंच्या हातातून खडू घेतला. ते... ते वाईट केलं मी. हा वर्ग त्यांचा आहे."

पहिल्या बाकावरची चिमुरडी म्हणाली, "मग आता तुम्हाला शिक्षा?"

नव्या बाईंनी क्षणभर विचार केला आणि खडू पुढे केला. "या, बाई. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश."

मोठ्या बाई फळ्यापाशी गेल्या. हे गणित त्यांनी उभ्या जन्मात किती मुलांकडून घोटून घेतले असेल! परंतु पाठीवर साऱ्या वर्गाचे डोळे रुतले होते. त्यांनी सरळ अंशात अंश मिळवून वर दोन लिहिले. कोणी तरी फिसकन हसले. त्यांनी तो आकडा तळहाताने पुसला. आता पुढे काय, ते सुचेना. ही पोरगी आता खडू ओढून घेणार, अशा धास्तीने त्यांनी तो घट्ट धरला.

नव्या बाई जागच्या हलल्या नाहीत. हाताची घडी घालून वर्गाला म्हणाल्या, "हसायचं नाही. त्यांना वेळ द्या. येईल त्यांना."

वर्ग गप्प झाला. तोफेला नव्हे, त्या कोवळ्या आवाजाला.

मोठ्या बाईंना लाजेने मान वर करवेना. एवढे थांबणे, एवढेच तर त्यांच्याकडून झाले नव्हते. डोळे पुसून त्यांनी छेद सारखे केले आणि सावकाश लिहिले, पाच षष्ठांश. मग खडू नव्या बाईंच्या हाती देऊन त्या खाली मानेने शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

मधल्या सुट्टीत नव्या बाईंनी आपले सामान पुन्हा खणात लावले.

ही कथा येथे पूर्ण झाली. माझ्या अल्प मतीने लिहिलेले गोड मानून घेतले, याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
दाजी बाइंडर