मोटारीच्या खोलीतली निळी बॅग

मित्रांनो, मी एक जुनी निळी प्रवासी बॅग आहे आणि मला माझ्याच वासाची किळस येते. स्वतःबद्दल असं बोलू नये, हे मला कळतं. पण माझी कहाणी ऐकलीत तर तुम्हीही नाक मुरडाल, आणि मुरडावंच, अशी माझी इच्छा आहे.

माझा जन्म नाशिकच्या भद्रकालीतल्या एका अरुंद गाळ्यात झाला. जाड निळं कापड, आत रेक्झिनचं अस्तर, दोन भक्कम बंद आणि सोनेरी चेन असा माझा थाट होता. मखमलाबादच्या मळ्यातल्या ठमाबाई आपल्या मुलाच्या, शेखरच्या, लग्नासाठी बॅग बघायला आल्या. त्यांनी माझे बंद ओढून पाहिले, चेन उघडली आणि सरळ आत नाक घातलं. "वास चांगला हाय. हीच दे," त्या दुकानदाराला म्हणाल्या. तेव्हा मला कोऱ्या कापडाचा वास येत होता.

शेखरची नवरी पूजा येवल्याची. तिची पैठणी मलमलीत गुंडाळून, सोबत लवंगांची पुरचुंडी ठेवून माझ्यातच आली. "बॅग काय भारी आहे हो!" असं पाहुण्यांनी म्हटलं की मी आणखी फुगून बसायची. पुढे सनी झाला, मग चैताली झाली. दोन्ही बाळंतपणांना मी पूजाबरोबर येवल्याला जाऊन आले. एसटीच्या टपावर ऊन खाल्लं, बाळांची ओली दुपटी पोटात घेतली, एकदा तर दुधाची बाटलीच माझ्यात सांडली. पण खरं सांगते, त्या कशाचीही मला कधी शिसारी आली नाही. लेकरांचा वास तो, त्यात घाण कसली?

मग घरात चाकांची बॅग आली. ती टुणटुण पळायची, तिला उचलावं लागत नसे. मी आधी माळ्यावर गेले आणि तिथून विहिरीजवळच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत. ती घराला लागूनच होती, तिथून घरातलं सगळं दिसायचं, ऐकू यायचं. शेखर सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मळ्यात शेवंती पिकवतो. शेवंतीवर फवारायच्या पावडरीची पाकिटं खोलीतले उंदीर कुरतडायचे, म्हणून त्याने ती माझ्यात भरून ठेवली. काही पाकिटं अर्धी वापरलेली असायची, तोंड नुसतं दुमडलेलं. त्यांतली पावडर गळून गळून माझ्या शिवणींत, अस्तराच्या घड्यांत जाऊन बसली. ज्या पोटात पैठणी राहिली, त्याच पोटात आता विष राहू लागलं. सगळे त्याला औषध म्हणतात. म्हणू देत. कीड कशाने मरते ते मी रोज हुंगत होते.

पूजाला या औषधाची धास्ती होती. तिने घरात एक नियमच घालून दिला होता. फवारणीचे कपडे घरात आणायचे नाहीत, विहिरीवरच्या दगडावर वेगळे धुवायचे, आणि आंघोळ झाल्याशिवाय शेखरने पोरांना हात लावायचा नाही. शेखर तो नियम बिनबोभाट पाळायचा. चैताली "पप्पा" म्हणत धावत आली तर हात वर करून मागे सरकायचा. कपड्यांचं आणि हातांचं त्याला पक्कं ठाऊक होतं. बॅगेचं मात्र कधी त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आणि एका संध्याकाळी तो कामावरून आला तो ओरडतच आला. "पूजे, आवर! उद्या पहाटे निघायचं. कंपनीला जोडून सुट्टी मिळाली. खोपोलीकडच्या त्या मोठ्या पार्कात जाऊ. मी तिकिटं काढली पण!"

"तिकिटं काढली? न विचारता?" पूजा म्हणाली. "अहो, पोरांचे पोहायचे कपडे कुठायत? तिथे साध्या कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत म्हणे."

झालं. त्या घराचं जे काही झालं, ते आठवलं तरी मला उबग येतो. पोहायच्या कपड्यांसाठी शेखर गाडी घेऊन पार देवळाली कॅम्पच्या बाजारात पळाला आणि चैतालीला दोन वर्षांनी येईल एवढा मोठा पोशाख घेऊन आला. मोठ्या झोक्यात बसायला उंची लागते, म्हणून सनी सारखा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा, टाचा उचलायचा आणि "आता? आता पुरेल का?" विचारायचा. ठमाबाई भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, चिवडा बांधत सुटल्या. तिथे बाहेरचं खायला आत नेऊ देत नाहीत, असं पूजाने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग काय लेकरांना उपाशी मारत्यात का? तू गपचिप गाडीत ठिव." फोनवर पार्कातल्या घसरगुंड्यांचे व्हिडिओ कर्कश वाजत होते. मजा करायला चाललेली माणसं इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या गोंधळात लक्षात आलं, की चाकांची बॅग शेखरच्या बहिणीकडे अडकली आहे. शेखरने क्षणभर डोकं खाजवलं आणि तो थेट मोटारीच्या खोलीत आला. त्याने माझ्यातली पाकिटं काढून फळीवर ठेवली, मला उलटं करून दोनदा आपटलं आणि एका ओल्या फडक्याने आतून पुसलं. मग वास जाईना म्हणून अंगाला मारायचा सेंट माझ्यात फसाफसा मारला. विषावर अत्तर! मित्रांनो, मला ओकता आलं असतं तर मी तिथेच ओकले असते.

"अरे, ही तर आपली लग्नातली," पूजा मला बघून म्हणाली. "होती कुठे इतके दिवस?"

"होती तिकडं," शेखर म्हणाला आणि फोन घ्यायला वळला. पूजाचे दोन्ही हात कपड्यांच्या ढिगात होते. तिने पुढे विचारलं नाही.

तिने पोहायचे कपडे भरले, टॉवेल भरले. शेवटी चार वर्षांची चैताली आली आणि आपला ससा माझ्यात अगदी खाली खुपसून गेली. पूजाने जुन्या साडीचा शिवलेला तो ससा. चैताली त्याचा कान तोंडात धरल्याशिवाय झोपत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. कारण तो कान मी येवल्याच्या फेऱ्यांमध्ये कितीदा ओला झालेला पाहिला होता.

माझ्या अंगावर काटा आला. मी काय करणार? मला ना हात ना तोंड. शेखर गुडघा ठेवून मला दाबू लागला आणि माझी चेन कडाकड दात सोडत उसवली. ती मी मुद्दाम उसवली असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण तिची कापडी पट्टी उंदरांनीच कुरतडलेली होती. काही असो, मला वाटलं, सुटले! आता मला टाकून देतील. पण शेखर कसला ऐकतोय. त्याने सुतळी आणली आणि मला मक्याच्या पेंढीसारखं बांधून टाकलं.

पहाटे गाडी निघाली. ठमाबाई फुलं तोडायची होती म्हणून घरी राहिल्या. डिकी त्यांच्या भाकऱ्यांनीच भरल्यामुळे मला मागच्या सीटवर पोरांच्या मधे ठेवलं होतं. चेन धड असती तर निदान ससा आत राहिला असता. आता सुतळीच्या फटीतून चैतालीचा हात सहज आत गेला. तिने ससा ओढून काढला, कान तोंडात घातला आणि डोळे मिटले. पुढे शेखर पूजाला सांगत होता, की गर्दी व्हायच्या आत पोचलो तर सगळं खेळून होईल. मी मागे जीव मुठीत धरून बसले होते.

वाडीवऱ्हे मागे पडलं आणि चैतालीने भडाभडा उलटी केली. माझ्यावर, सीटवर, सनीच्या नव्या बुटांवर. "शी! पप्पा, हिने बघा काय केलं!" सनी किंचाळला. शेखरने गाडी कडेला घेतली. "लागली असेल गाडी. पोरं ओकतातच," तो म्हणाला.

पूजाने मागे येऊन चैतालीचं तोंड पुसायला माझ्यातला टॉवेल ओढला. तो तिच्या नाकाशी आला आणि ती थांबली. तिने पुन्हा वास घेतला. मग वाकून माझ्यात नाक घातलं, जसं एके काळी ठमाबाईंनी घातलं होतं.

"ही बॅग कुठे होती?" तिने विचारलं.

"अगं, पुसली मी चांगली..."

"कुठे होती विचारतेय मी!"

"मोटारीच्या खोलीत," शेखर म्हणाला. मग त्याचं लक्ष सशाच्या ओल्या कानाकडे गेलं.

पूजाने ससा दूर भिरकावला. बाटल्यांमागून बाटल्या पाणी घेऊन तिने पोरीचं तोंड आणि हात धुतले, कपडे काढले आणि तिला आपल्या ओढणीत गुंडाळलं. उलटी गाडी लागल्याची की पावडरीची, कोण सांगणार? घोटीत एक दवाखाना नुकताच उघडत होता. डॉक्टरांनी दारातच, गाडीशेजारी पावडरीचं नाव विचारलं, तेव्हा शेखरने ते घडाघडा सांगितलं. पंपाला किती टाकायची तेही सांगितलं. "आणि लहान मुलाच्या पोटात गेली तर काय होतं, ते वाचलं होतं का पाकिटावर?" डॉक्टरांनी विचारलं.

दुपारपर्यंत चैतालीला तिथेच ठेवलं. पूजा तिच्या उशाशी बसून होती आणि शेखरला जवळ येऊ देत नव्हती. मी गाडीत उन्हात सडत पडले होते, ओकारीने आणि सेंटने बरबटलेली, आणि मला एकच ऐकायचं होतं. शेवटी सनी धावत गाडीशी आला. "पप्पा, चैतू बिस्कीट मागतेय!" शेखर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

डॉक्टर म्हणाले, पोर वाचली, कारण पोटात फारसं गेलं नाही. गाडी परत नाशिकला फिरली. सनी वाटभर झोक्यासाठी मुसमुसत होता, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

घरी आल्यावर पूजाने मला काठीने उचलून बांधावर टाकलं. बाकीचे कपडे तिने विहिरीवरच्या दगडावर नेले. तेवढ्यात फुलं तोडायला येणाऱ्या कुसाबाई तिथे आल्या. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि माझे बंद ओढून बघितले. "भाऊ, ही टाकली का? लय मजबूत हाय वो. माझ्या नातवाला शाळंला व्हईल."

"घ्या की," शेखर म्हणाला. थकून गेला होता बिचारा, बोलून गेला. "धुऊन घ्या फक्त."

मित्रांनो, त्या क्षणी मला जेवढी घृणा आली, तेवढी कधीच आली नव्हती. एक पोर कसंबसं वाचतं न वाचतं तोच मी दुसऱ्याच्या पाठीवर जाणार! मग डबा माझ्यात राहील. पाण्याची बाटली राहील.

पूजा विहिरीवरून धावत आली. तिच्या हातात विळा होता. तिने कुसाबाईंच्या हातातून मला ओढलं आणि माझं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. मग बंद कापले. मग अस्तर.

"आता गं बया! द्यायची नव्हती तर नाय म्हणायचं, वहिनी," कुसाबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या. "चांगली बॅग फाडली."

"चांगली नाही ती, मावशी. औषधाची आहे," पूजा म्हणाली. "तुमचा नातू केवढा आहे? माझी तर चारच वर्षांची आहे."

कुसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या विहिरीवर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, की आम्हांला जपा, टाकू नका, कुणा गरजूला द्या. मी तसं म्हणणार नाही. ज्या पिशवीत, डब्यात किंवा बाटलीत एकदा असलं औषध राहिलं, तिची दया करू नका, तिला पुसू नका आणि कुणाला देऊ नका. पैठणीसाठी मला कौतुकाने निवडलं होतं, त्याचा मला आनंद आहेच. पण पूजाने मला फाडलं, तेव्हा माझी किळस पहिल्यांदा कमी झाली.