विझवलेला पिवळा दिवा

पटांगणात गाड्यांची भली मोठी रांग लागली होती. इंजिनबाबा बॉनेटवर हात ठेवायचे आणि इंजिनात बिघाड असल्याचं सांगणारा स्टिअरिंगपुढचा पिवळा दिवा विझायचा. लोक हात जोडायचे.

टॅक्सीवाल्याची ही दुसरी खेप. मागच्या वेळी विझलेला दिवा दोन-तीन दिवसांत पुन्हा पेटला होता. "तुझी श्रद्धा डळमळली," असं बाबांनी त्यालाच दटावलं, आणि बिचाऱ्याला ते पटलंही. पेट्रोल पाण्यासारखं जात होतं. उद्या धुराची तपासणी. तीत नापास झाली की टॅक्सी घरी उभी. त्यात आज शाळेत विज्ञान शिकवणारी त्याची ताई सोबत आलेली. ती कुठे काय बोलेल याचा नेम नव्हता.

बाबांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. शक्तीचा झोत डोळ्यांना सोसत नाही म्हणे. शिष्याने बॉनेट उघडून वर शाल धरली. इंजिनालाही लाज असते, एवढंच आपण समजायचं. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तर दिवा गायब, आणि उन्हं कललेली असूनही गाडीतल्या घड्याळात बारा.

"इथे काळही थांबतो," बाबा म्हणाले.

"आणि रेडिओत साठवलेली स्टेशनंही पुसली गेली, त्यांचं काय?" ताईने विचारलं. "ती समाधीत गेली का?"

टॅक्सीवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ताईने मात्र पाना मागितला, मागच्या गाडीवाल्याला विचारून सगळ्यांदेखत त्याच्या गाडीच्या बॅटरीची वायर काढली, थोडं थांबून पुन्हा जोडली. दिवा गेला. घड्याळात बारा. एक आजोबा तर तिच्याच पाया पडायला वाकले.

"अहो आजोबा, वायर काढली फक्त," ती मागे सरत म्हणाली. "वीज तुटली की गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाची नोंद विसरतो. बिघाड जागेवरच असतो."

विज्ञानाला मर्यादा असतात, असं बाबा पुटपुटले. शिष्य तोवर शालीची घडी घालू लागला होता.

टॅक्सी तशीच गॅरेजात गेली. बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला, हे कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर बिघडला होता. त्याच्या खोट्या निरोपावर कॉम्प्युटर नको तेवढं पेट्रोल ओतत होता. तेच नीट न जळता विषारी धूर होऊन बाहेर पडत होतं. सेन्सर बदलला आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सी तपासणीत पास झाली.

टॅक्सीवाला तिथून थेट पटांगणात गेला. रांग आखडली होती, पण होती.

"इतके दिवस मला वाटत होतं, खोट माझ्यातच आहे," तो रांगेतल्या लोकांना चिडून म्हणाला. "ती सेन्सरमध्ये होती. दिवा पेटला तर हात जोडू नका. बॉनेट उघडा आणि तो का पेटला ते विचारा."

रांगेतली एक गाडी वळली आणि गॅरेजच्या रस्त्याला लागली.